कॉन्सर्ट फॉर जॉर्ज: इतके जण एकत्र वाजवतात, तरी प्रत्येक जण ऐकू कसा येतो

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुमच्या बँडमधला गिटारवादक मित्र गेल्या वर्षी गेला. पहिल्या स्मृतिदिनी शहरातल्या नाट्यगृहात पंधरा-सोळा जण मिळून त्याची आवडती गाणी वाजवणार आहात. त्याचं थेट रेकॉर्डिंग करायचं आहे, आणि डोळ्यांसमोर नमुना आहे तो बीटल्सचा गिटारवादक जॉर्ज हॅरिसन याच्यासाठी लंडनमध्ये झालेल्या 'कॉन्सर्ट फॉर जॉर्ज' या मैफलीचा. तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत. त्या रेकॉर्डिंगमध्ये इतक्या गिटारी आणि इतके ड्रम असूनही गिचमीड का होत नाही? रेकॉर्डिंग झाल्यावर स्टुडिओत किती दुरुस्ती करावी? आणि मित्राने घरी रेकॉर्ड करून ठेवलेला गिटारचा ट्रॅक त्या रात्री बँडबरोबर वाजवावा का?

थेट कार्यक्रमांचं रेकॉर्डिंग आणि मिक्सिंग हा माझा बऱ्याच वर्षांचा व्यवसाय आहे. तुमच्या मित्राबद्दल वाचून वाईट वाटलं, आणि तुम्ही त्याला अशा रीतीने आठवणार आहात हे वाचून बरंही वाटलं. तिन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत, म्हणून आधी त्या लंडनच्या रात्रीबद्दल सविस्तर लिहितो आणि मग तुमच्या नाट्यगृहाकडे येतो.

हॅरिसन 29 नोव्हेंबर 2001 रोजी लॉस एंजेलिसमध्ये गेला. वय 58. बरोबर एका वर्षाने, 29 नोव्हेंबर 2002 ला, रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये ही मैफल झाली. पुढाकार पत्नी ऑलिव्हिया आणि मुलगा धनी यांचा. संगीताची सूत्रं गिटारवादक एरिक क्लॅप्टनकडे. चित्रीकरणाचं दिग्दर्शन डेव्हिड लेलंडचं. ध्वनिमुद्रणाची निर्मिती जेफ लिनने केली. दोन सीडींचा अल्बम आणि चित्रपट 2003 मध्ये आला, आणि चित्रपटाला 2005 मध्ये ग्रॅमी मिळालं.

यातलं जेफ लिनचं नाव नीट लक्षात ठेवा. हॅरिसन जाताना एक अल्बम अर्धवट राहिला होता. लिन आणि धनीने तो पूर्ण केला आणि तो मैफलीच्या जेमतेम दहा-अकरा दिवस आधी, नोव्हेंबर 2002 मध्ये, प्रसिद्ध झाला. म्हणजे मंचावर उभ्या असलेल्या या दोघांनी आधीचे कित्येक महिने हॅरिसनचे गिटारचे ट्रॅक एकेक करून ऐकण्यात घालवले होते. त्याची स्लाइड (तारांवर नळी सरकवत वाजवलेली गिटार) कुठे सुरू होते, कुठे श्वास घेते, कोणत्या स्वरावर तो मुद्दाम उशिरा पोचतो हे त्यांच्या कानात पक्कं बसलेलं होतं. मैफलीत मार्क मान हा गिटारवादक आहे. त्या अर्धवट अल्बममध्येही त्याचा हात होता. प्रेक्षकांना त्याचं नाव माहीत नसेल, पण हॅरिसनच्या सुरावटी जशाच्या तशा येत राहतात त्याचं मोठं श्रेय त्याला आहे. क्लॅप्टन क्लॅप्टनसारखा वाजवतो आणि मार्क मान हॅरिसनसारखा. ही वाटणी कोणीतरी विचारपूर्वक केलेली आहे, आणि रेकॉर्डिंगच्या स्वच्छपणाची सुरुवात तिथे होते.

आता पहिला प्रश्न. तुम्ही 'वाह-वाह' हे गाणं दोनदा ऐका. आधी हॅरिसनच्या 1970 च्या मूळ अल्बमवरचं आणि मग 2002 च्या मैफलीतलं. मूळ रेकॉर्डिंगची निर्मिती फिल स्पेक्टरची. खोलीभर वादक, अनेक गिटारी, त्यावर ब्रास म्हणजे पितळी वाद्यं, आणि सगळ्यावर दाट रिव्हर्ब, म्हणजे घुमणारा प्रतिध्वनी. गाणं जबरदस्त आहे, पण कोण काय वाजवतंय हे शोधायला गेलात तर हाताला काही लागत नाही. हॅरिसनला स्वतःलाही हे पुढे खटकत राहिलं; 2001 च्या पुनर्प्रकाशनाच्या वेळी त्याने लिहिलं होतं की यातल्या काही गाण्यांना त्या वेळच्या अवाढव्य निर्मितीतून मोकळं करावंसं वाटतं. मैफलीत हेच गाणं तितक्याच किंवा त्याहून जास्त लोकांनी वाजवलं. क्लॅप्टन, बेसवादक क्लाउस फोरमन, कीबोर्डवादक बिली प्रेस्टन आणि बीटल्सचा ड्रमवादक रिंगो ही माणसं तर दोन्हीकडे आहेत. तरी इथे गिटारची मुख्य सुरावट स्पष्ट कळते, ब्रास वेगळा उभा राहतो, ड्रमचा ठोका कानाला लागतो. बत्तीस वर्षांत यंत्रं सुधारली, हे खरं. पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते असं की मैफलीत प्रत्येकाला आपली जागा नेमून दिलेली आहे आणि कोणीही ती सोडत नाही.

गिचमीड बहुतेक वेळा मिक्सरवर होत नाही, ती मंचावर होते. तीन गिटारवादक एकाच सप्तकात, एकाच पद्धतीने, तेच कॉर्ड वाजवत असतील तर जगातला कोणताही ध्वनिमुद्रक त्यांना वेगळं करू शकत नाही. त्यांची कंपनं एकाच पट्ट्यात येतात आणि एकमेकांना झाकतात. मैफलीतली गिटारची मांडणी ऐका. अँडी फेअरवेदर-लो बहुधा तालाचं काम करतो, छोटे आणि कोरडे कॉर्ड. धनी जवळजवळ पूर्ण वेळ अकूस्टिक गिटारवर. अकूस्टिकचा तालातला खळखळाट वरच्या पट्टीत राहतो. मधला भाग मोकळा सोडला की तिथे गायक बसतो. मुख्य सुरावट एकच जण घेतो. क्लॅप्टन सोलो वाजवतो तेव्हा बाकीचे खरोखर खाली येतात. अल्बर्ट ली, गॅरी ब्रुकर, ख्रिस स्टेंटन अशी स्वतःच्या नावावर कार्यक्रम करणारी माणसं मागे बसून साधी साथसंगत करतात. त्या रात्री कोणाला स्वतःला सिद्ध करायचं नव्हतं. हा संयम ध्वनिमुद्रणात ऐकू येतो, आणि मला वाटतं त्या मैफलीचं निम्मं सौंदर्य त्यातच आहे.

ड्रमचंही तेच. रिंगो स्टार, जिम केल्टनर, हेन्री स्पिनेटी, जिम कपाल्डी, आणि वर रे कूपरची तालवाद्यं. दोन ड्रमसेट एकाच वेळी वाजतात तेव्हा खरा धोका स्नेअरचा, म्हणजे कडक ठोक्याच्या मधल्या ड्रमचा, असतो. दोन ठोक्यांमध्ये वीस-तीस मिलिसेकंदांचं अंतर पडलं की एक जाड, फाटका आवाज येतो. यावर उपाय मिक्सिंगमध्ये फार थोडा असतो. एकाने ठोका धरायचा आणि दुसऱ्याने टॉम, झांजा किंवा केवळ भर द्यायची, हे तालमीतच ठरावं लागतं. केल्टनर आणि रिंगो हे 1 ऑगस्ट 1971 ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये, बांगलादेशातल्या निर्वासितांसाठी हॅरिसनने केलेल्या कार्यक्रमातही शेजारी शेजारी बसून वाजवत होते. एकतीस वर्षांची सवय आहे ती. तुमच्याकडे दोन ड्रमवादक असतील आणि त्यांना एकमेकांची सवय नसेल, तर माझं स्पष्ट मत: एका गाण्याला एकच ड्रमवादक ठेवा. शेवटच्या एका गाण्याला दोघांना बसवा.

गाणी वाटतानाही विचार झालेला आहे. 'फोटोग्राफ' हे रिंगो आणि हॅरिसनने मिळून लिहिलेलं गाणं, ते रिंगोला. 'माय स्वीट लॉर्ड' बिली प्रेस्टनला, ज्याने ते हॅरिसनच्याही आधी प्रसिद्ध केलं होतं. 'हँडल विथ केअर' टॉम पेटी, जेफ लिन आणि धनीला, कारण ते हॅरिसन, लिन, पेटी, बॉब डिलन आणि रॉय ऑर्बिसन या पाच जणांच्या 'ट्रॅव्हलिंग विल्बरीज' या बँडचं गाणं. हॅरिसनने जाण्याआधी शेवटचं ध्वनिमुद्रित केलेलं गाणं जूल्स हॉलंड आणि सॅम ब्राऊनकडे, कारण ते त्यानेच हॉलंडबरोबर केलेलं होतं. यात भावना आहेच, पण ध्वनिमुद्रकाच्या बाजूनेही फायदा आहे. दर गाण्याला आवाजाचा पोत बदलतो, त्यामुळे दोन तास ऐकताना कान थकत नाही.

आता हॉलविषयी, कारण तिथे शिकण्यासारखं खूप आहे. रॉयल अल्बर्ट हॉल 1871 मध्ये उघडला. लंबवर्तुळाकार इमारत, वर काचेचा प्रचंड घुमट. पहिल्या दिवसापासून प्रतिध्वनीसाठी तो इतका बदनाम की संगीतकाराला आपली रचना दोनदा ऐकण्याची खात्री फक्त इथेच मिळते, असं म्हटलं जायचं. शेवटी 1969 मध्ये छताला फायबरग्लासच्या मोठ्या तबकड्या टांगल्या, त्यांना तिथे 'मशरूम' म्हणतात, आणि घुमटातून परत येणारा आवाज आटोक्यात आला. तरीही रॉकसाठी ती जागा सोपी नाही. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. मंचापासून 30 मीटरवर, बाल्कनीच्या कठड्यावर, प्रेक्षकांसाठी मायक्रोफोन लावला तर मंचावरचा ठोका त्याच्यापर्यंत जवळजवळ 90 मिलिसेकंद उशिरा पोचतो. तो तसाच मिक्समध्ये मिसळला की प्रत्येक ठोका दोनदा ऐकू येतो.

पण ते मायक्रोफोन बंदही करता येत नाहीत. ते बंद केले की रेकॉर्डिंग स्टुडिओतल्यासारखं होतं आणि टाळ्या कुठल्यातरी दुसऱ्या खोलीतून येतात असं वाटतं. करायचं असं: प्रेक्षकांच्या मायक्रोफोनचे ट्रॅक मागे ओढून मंचाच्या ट्रॅकच्या जवळ आणायचे. पूर्ण जुळवायचे नाहीत. वीस-पंचवीस मिलिसेकंदांचा फरक राहू द्यायचा, म्हणजे जागेची खोली टिकते. त्यांतला खालचा गडगडाट, साधारण 150 हर्ट्झच्या खालचा, छाटून टाकायचा. गाणं चालू असताना ते हळू ठेवायचे आणि गाणं संपता संपता अलगद वर घ्यायचे. या मैफलीच्या रेकॉर्डिंगमध्ये शांत गाण्यांतही हॉलची हवा जाणवते आणि मोठ्या गाण्यांत ती वाटेत येत नाही. हेडफोन लावून दोन गाण्यांमधले सांधे ऐका, तेव्हा ही कारागिरी कळेल.

मैफलीचा पहिला भाग मला सगळ्यांत जास्त शिकवतो, आणि आपल्याकडच्या रॉकवाल्यांकडून तो बहुतेक वेळा न ऐकता टाळला जातो, याचं वाईट वाटतं. सुरुवात 'सर्वेषाम्' या संस्कृत प्रार्थनेने. मग अनुष्का शंकरची सतार. मग पंडित रविशंकरांनी या प्रसंगासाठी बांधलेली 'अर्पण' ही दीर्घ रचना. स्वतः रविशंकर, तेव्हा 82 वर्षांचे, हॉलमध्ये उपस्थित होते. वाद्यवृंदाचं संचालन अनुष्काने केलं. भारतीय वादक, गायक, पाश्चात्त्य तंतुवाद्यं, आणि मध्येच क्लॅप्टनची अकूस्टिक गिटार.

ध्वनिमुद्रकाच्या नजरेने हा भाग फार कठीण आहे. सतारीचा खरा आवाज जवारीतून (तारा जिच्यावर टेकतात ती घोडी) आणि तरफांतून (खाली आपोआप झंकारणाऱ्या तारा) येतो. तिच्यापाशी मायक्रोफोन ठेवावा तर तो शेजारचा तबला, बासरी, व्हायोलिनही उचलतो. तिला पिकअप लावावा तर जवारीचा झंकार पातळ आणि पत्र्यासारखा होतो. म्हणून मायक्रोफोन हातभर अंतरावर, भोपळ्याच्या थोडा वर, तारांकडे वळवून ठेवायचा, वादकांपुढचे मॉनिटर, म्हणजे त्यांना ऐकू यावं म्हणून ठेवलेले स्पीकर, शक्य तितके हळू ठेवायचे आणि शेजारच्या वाद्यांची थोडी गळती मान्य करायची. ही गळती चांगली असेल, म्हणजे वादक नीट अंतरावर आणि कोनात बसलेले असतील, तर ती मिक्सला चिकटवणारं काम करते. आपल्याकडे मैफलींचं रेकॉर्डिंग करणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ भीमसेनजींनी 1953 मध्ये सुरू केलेला पुण्याचा महोत्सवही मुळात गुरूच्या आठवणीतली मैफलच आहे, आणि तिथल्या रेकॉर्डिंगमध्ये तंबोऱ्याचा नाद सगळ्या मायक्रोफोनमध्ये झिरपलेला असतो. तो काढायचा विचार कोणी करत नाही.

याच भागात जेफ लिन आणि अनुष्काने 'द इनर लाइट' सादर केलं. या गाण्याचा आपल्याशी थेट संबंध आहे. मूळ गाण्याचं वाद्यसंगीत जानेवारी 1968 मध्ये मुंबईत, फोर्टमधल्या एचएमव्हीच्या स्टुडिओत, भारतीय वादकांनी वाजवलं. हॅरिसन तेव्हा एका चित्रपटाच्या संगीतासाठी मुंबईत आला होता. दोन ट्रॅकचं यंत्र, म्हणजे जे वाजलं ते तिथेच मिसळलं गेलं, नंतर वेगळं करायची सोय नाही. स्टुडिओत बाहेरच्या रहदारीचा आवाज येत असे, आणि संध्याकाळी कार्यालयं सुटली की जिन्यावरच्या पावलांमुळे काम थांबवावं लागे, असं हॅरिसननेच सांगितलेलं आहे. गायन मग लंडनमध्ये झालं. त्या मर्यादेत वादकांनी आपापसांत आवाजाचा तोल साधला, आणि तोच कायमचा राहिला. तुम्हाला रेकॉर्डिंगची भीती वाटत असेल तर हे गाणं ऐका. हातात साधनं कमी असताना वादकांचा एकमेकांकडे असलेला कान किती काम करतो ते कळतं.

आणखी एक जागा सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. 'समथिंग'. बीटल्समधला सोबती पॉल मॅकार्टनी एकटा, हातात उकुलेले. चार तारांचं ते छोटंसं वाद्य हॅरिसनला अतिशय प्रिय होतं. आख्खा हॉल आणि एक उकुलेले, इतकी शांतता. मग गाण्याच्या मध्यावर संपूर्ण बँड येतो आणि क्लॅप्टन गाणं हातात घेतो. दोन टोकांमधलं आवाजाचं अंतर प्रचंड आहे. मिक्सिंग करताना मोह होतो की उकुलेले मोठं करावं, म्हणजे श्रोत्याला आवाज वाढवावा लागणार नाही. तसं केलं असतं तर बँड येतो तो क्षण मेला असता. रेकॉर्डिंगमध्ये ते अंतर बऱ्यापैकी जपलं आहे. तुमच्याही कार्यक्रमात असा एखादा क्षण येईल. तेव्हा मिक्स करणाऱ्याला आधीच सांगून ठेवा: कॉम्प्रेसरने (लहान-मोठा आवाज एका पातळीवर आणणारं यंत्र) हा फरक सपाट करायचा नाही.

दुसऱ्या प्रश्नाकडे येतो, दुरुस्ती किती करावी. माझा नियम असा आहे की ऐकणाऱ्याचं लक्ष गाण्यावरून उडवते ती चूक दुरुस्त करावी, आणि माणूस दाखवते ती चूक राहू द्यावी. मायक्रोफोन खडखडला, केबल तुटून गिटार दोन मात्रा गायब झाली, फीडबॅकची शिट्टी आली, तर जरूर काढा. बेसवादक एका जागी चुकीच्या स्वरावर उतरला आणि तोच भाग दुसऱ्या कडव्यात बरोबर वाजला असेल, तर तिथून उचलून लावा. पण गाताना कोणाचा आवाज भरून आला आणि सूर थोडा खाली गेला, तर सूर सुधारणाऱ्या ऑटोट्यूनला हात लावू नका. स्मृतिमैफलीच्या रेकॉर्डिंगमध्ये लोक पुन्हा पुन्हा ऐकायला येतात ते त्याच जागेसाठी. बोलणंही कापू नका. 1971 च्या त्या न्यूयॉर्कच्या रेकॉर्डिंगमध्ये सतार-सरोद जुळवून झाल्यावर प्रेक्षक टाळ्या वाजवतात, आणि रविशंकर हसत म्हणतात की जुळवणी इतकी आवडली असेल तर वादन आणखी आवडेल अशी आशा आहे. तो भाग अल्बमवर ठेवलेला आहे म्हणून ती सभा आजही जिवंत वाटते. लंडनच्या मैफलीतही मॅकार्टनी मध्येच सांगतो की धनीला मंचावर पाहून ऑलिव्हियाला वाटलं, जॉर्ज तरुणच राहिला आणि बाकीचे सगळे म्हातारे झाले. हे वाक्य नसतं तर धनीची अकूस्टिक गिटार आपण वेगळ्या कानाने ऐकली असती.

संगणकावर बसून दुसऱ्या दिवशी गिटार पुन्हा वाजवून घालणं, म्हणजे ओव्हरडब, हा प्रश्न लोक चाचरत विचारतात. माझ्या मते अशा रेकॉर्डिंगमध्ये ते करू नये. त्या रात्री जो माणूस तिथे उभा होता, त्याने तिथे जे वाजवलं, तेच राहावं. तालमीचंही रेकॉर्डिंग करा. एखादी जागा अगदीच गेली तर तालमीतला तुकडा लावता येतो. वाजवणारा तोच, गाणं तेच, आठवडाही तोच.

इथे थोडी तुलना करतो. स्टीव्ही रे वॉन या ब्लूज-रॉक गिटारवादकाचा 27 ऑगस्ट 1990 रोजी हेलिकॉप्टर अपघातात मृत्यू झाला. 11 मे 1995 ला टेक्सासमधल्या ऑस्टिनमध्ये त्याच्यासाठी कार्यक्रम झाला. भाऊ जिमी वॉन, क्लॅप्टन, बडी गाय, बी. बी. किंग, रॉबर्ट क्रे, बॉनी रेट, डॉ. जॉन. जागा दूरदर्शन कार्यक्रमाच्या स्टुडिओची, म्हणजे छोटी आणि कोरडी, अल्बर्ट हॉलच्या अगदी उलट. मंचावर बहुतेक सगळे मुख्य गिटारवाले. तरी शेवटच्या एकत्र वादनात गोंधळ होत नाही, कारण पाळी ठरलेली आहे: एक जण सोलो घेतो, बाकीचे तालावर उतरतात, मग पुढचा. तुमच्या नाट्यगृहाची आकारमानं पाहता तुम्हाला ऑस्टिनचं रेकॉर्डिंग लंडनपेक्षा जास्त उपयोगी पडेल. तेही आणून ऐका.

आता तुमच्या कार्यक्रमाची प्रत्यक्ष तयारी. नाट्यगृहाच्या साऊंडवाल्यांशी महिनाभर आधी बोला. प्रेक्षकांसाठीच्या मिक्सरमधून निघणारं तयार स्टिरिओ आउटपुट रेकॉर्ड केलं की काम झालं, असं समजू नका. त्या मिक्समध्ये ड्रम आणि गिटारचे अ‍ॅम्प कमी ठेवलेले असतात, कारण ते सभागृहात तसेच ऐकू जातात; रेकॉर्डिंगमध्ये मग फक्त गायक आणि कीबोर्ड उरतात. प्रत्येक चॅनेल वेगळा रेकॉर्ड व्हायला हवा. हल्लीचे डिजिटल मिक्सर यूएसबीवरून 32 किंवा त्याहून जास्त चॅनेल लॅपटॉपला देतात. 48 किलोहर्ट्झ, 24 बिट पुरे. पातळी जपून ठेवा, सरासरी उणे 18 डेसिबलच्या आसपास; कार्यक्रमाच्या रात्री सगळे तालमीपेक्षा जोरात वाजवतात, हमखास. दुसऱ्या यंत्रावर समांतर रेकॉर्डिंग चालू असलंच पाहिजे. लॅपटॉप थांबला तर ती रात्र परत आणता येणार नाही.

प्रेक्षकांसाठी दोन मायक्रोफोन मंचाच्या दोन्ही कोपऱ्यांवर, प्रेक्षकांकडे तोंड करून आणि मोठ्या स्पीकरकडे पाठ करून लावा, आणि शक्य असल्यास दोन बाल्कनीच्या कठड्यावर. प्रत्येक गायकाला त्याचा स्वतःचा मायक्रोफोन द्या, त्यावर रंगीत टेप लावून नाव लिहा. गिटारचे अ‍ॅम्प छोटे आणा, किंवा मोठे आणले तर बाजूच्या विंगेकडे वळवून ठेवा. मंचावरचा आवाज जितका कमी, तितकं रेकॉर्डिंग स्वच्छ. बेस थेट लाइनमधून घ्या. गाणी सार्वजनिक सादर करायला आयपीआरएसचा (गीतकार-संगीतकारांचे हक्क सांभाळणारी संस्था) परवाना घ्या, आणि व्हिडिओ पुढे प्रसिद्ध करायचा असेल तर गाण्यांच्या हक्कधारकांची परवानगी वेगळी लागते हे आत्ताच लक्षात घ्या.

आणि एक जण संगीतप्रमुख नेमा. मतदानाने नको. कोणी कुठे वाजवायचं आणि विशेषतः कुठे वाजवायचं नाही, हे तो सांगेल आणि बाकीचे ऐकतील, असा माणूस. शक्यतो मित्राची वाजवण्याची पद्धत ज्याला आतून माहीत आहे तो. त्याच्या घरच्यांनाही विचारून घ्या, कोणती गाणी हवीत आणि कोणती त्यांना ऐकवणार नाहीत.

तिसरा प्रश्न सगळ्यांत नाजूक. मित्राने रेकॉर्ड करून ठेवलेली गिटार त्या रात्री बँडबरोबर वाजवावी का? तांत्रिकदृष्ट्या होतं. त्याचा ट्रॅक मेट्रोनोमवर वाजवलेला असेल तर ड्रमवाल्याच्या कानात क्लिक द्यायचा आणि सगळ्यांनी त्याच्यामागे जायचं. पण मी नको म्हणेन. लंडनच्या मंचावर हॅरिसनचं मोठं चित्र वर टांगलेलं होतं, त्याची गाणी होती, त्याचा मुलगा होता; त्याची गिटार कुठे वाजवून दाखवलेली नाही. 'व्हाइल माय गिटार जेंटली वीप्स' मध्ये क्लॅप्टन, मॅकार्टनी, रिंगो आणि धनी आहेत, आणि हॅरिसनची जागा रिकामी आहे. 1968 च्या मूळ रेकॉर्डिंगमध्येही ती गिटार क्लॅप्टननेच वाजवली होती, हॅरिसनच्या आग्रहावरून. चौतीस वर्षांनी तीच गिटार, आणि बोलावणारा नाही. ते ऐकताना जे होतं, ते कोणत्याही ट्रॅकने भरून काढलं असतं तर झालं नसतं. शिवाय क्लिकला बांधलेला बँड श्वास घेत नाही. कोणाला एखादी ओळ पुन्हा गावीशी वाटली, कोणाला क्षणभर थांबावंसं वाटलं, तर ट्रॅक थांबत नाही.

म्हणून त्या एका गाण्यात त्याच्या सोलोच्या जागी कोणालाही सोलो देऊ नका. तेवढ्या मात्रा फक्त बेस, ड्रम आणि तालाची गिटार चालू द्या. त्याची घरची रेकॉर्डिंग्ज प्रेक्षक आत येत असताना सभागृहात हळू आवाजात लावा, एकामागून एक, नाव न सांगता. जे त्याला ओळखत होते ते ओळखतील. आणि ती फाइल कोणत्याही प्रक्रियेशिवाय, जशी त्याने ठेवली तशी, मैफलीच्या सगळ्या कच्च्या ट्रॅकसह दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर उतरवून एक त्याच्या घरी द्या.